उभ्याने सांगितलेले भारत

कलेच्या क्षेत्रात कोणी बसावे, कोणी उभे राहावे, कथा कोणी सांगावी आणि केवळ साथ कोणी करावी, यांविषयीचे नियम सहसा लिहिलेले नसतात. म्हणूनच ते मोडणे कायदा बदलण्याहूनही कठीण जाते. स्त्री-पुरुष समतेच्या वाटचालीचा शोध घेताना अभ्यासकांनी या अलिखित नियमांकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.

या दृष्टीने छत्तीसगडातील दुर्ग-भिलाईचा परिसर उद्बोधक आहे. १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात असलेला हा मुलूख मराठी वाचकाला अगदीच परका नव्हे. १९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली आणि कुरुदसारखी गावे पोलादनगरीच्या छायेत आली. पंडवानी ही याच मुलखाची कला. तिच्या शाखा दोन. वेदमती शाखेचा गायक बसून, सबलसिंह चौहान यांच्या महाभारताच्या आधाराने गातो. कापालिक शाखेचा गायक उभा राहून, स्मरणाच्या व स्फूर्तीच्या बळावर कथा सांगतो, पात्रे अंगावर घेतो. स्त्रीने गायचेच तर बसून गावे, उभे राहण्याचा मान पुरुषाचा, असा संकेत होता.

गनियारी गावी १९५६ साली पारधी समाजात जन्मलेल्या तीजनबाईंनी तो मोडला. आईचे वडील ब्रिजलाल यांच्या मुखातून ऐकलेली भारतकथा त्यांनी वयाच्या तेराव्या वर्षी चंद्रखुरीत जाहीरपणे सादर केली, आणि तीही कापालिक ढंगात. गाण्यापायी त्यांना समाजाने वाळीत टाकले. पुढे हबीब तन्वीर यांनी त्यांचे गुण हेरले, भिलाई पोलाद कारखान्यात त्यांना नोकरी मिळाली, आणि २०१९ साली पद्मविभूषणाचा सन्मान लाभला.

येथे महाराष्ट्राचा दाखला घेतला तर मोठी गंमत दिसते. कोठ्यावरच्या अनेक गायिका उभ्याने गात. हिराबाई बडोदेकर (१९०५–१९८९) सभागृहातील श्रोत्यांपुढे गाऊ लागल्या त्या बसून, आणि त्या बैठकीमुळेच स्त्रीच्या गाण्याला नवी प्रतिष्ठा आली. एका प्रांतात जे आसन बंधन ठरले, तेच दुसऱ्यात मुक्तीचे साधन झाले! तेव्हा उभे राहणे वा बसणे यांत समता नाही. आसन कोणी ठरवायचे हा खरा प्रश्न आहे.

तमाशाचे उदाहरण याहूनही बोलके आहे. पेशवाईत त्यात स्त्रीचे काम नाच्या पोऱ्या करी. पुढे पवळाबाईंसारख्या स्त्रिया फडात आल्या, उभ्या राहिल्या, नाचल्या. परंतु लावणीतील विरहिणीची तळमळ लिहिली ती रामजोशी, होनाजी यांसारख्या पुरुष शाहिरांनीच. मराठी रंगभूमीवर १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये स्त्रीपात्रे स्त्रियांनी रंगविली, हे पाऊल निःसंशय मोठे, तथापि नाटककार पुरुषच होता. फडावर काय किंवा रंगभूमीवर काय, स्त्रीला स्थान मिळाले, निवेदन मिळाले नाही.

तीजनबाईंच्या पंडवानीचे वेगळेपण नेमके येथे आहे. कथा त्याच सांगतात, भीमही त्याच होतात, द्रौपदीही त्याच. साथीला बसलेले पुरुष मधूनमधून हुंकार भरतात, प्रश्न विचारतात. कथा कोठे थांबवायची आणि कोठे पुढे न्यायची हे मात्र तीजनबाई ठरवितात. दुःशासनवधाच्या प्रसंगी हातातील तंबुऱ्याची क्षणात गदा होते, आणि भरसभेत जिची विटंबना झाली तिच्या सूडाची कहाणी एक स्त्री भीमाच्या आवेशात सांगू लागते.