इयरफोनची पारख : नाद आणि बांधणी

कानाच्या बाहेरच्या खोलगट भागात नुसते टेकणारे इयरफोन आणि कर्णनलिकेच्या तोंडाशी घट्ट बसणारे ‘इन-इअर’ इयरफोन दुकानाच्या काचेआड शेजारी शेजारी मांडलेले असतात. दिसायला ती सख्खी भावंडे. स्वभाव मात्र अगदी निराळा. २००१ साली पहिल्या आयपॉडसोबत आलेली आणि पुढे जाहिरातींतून जगभर गाजलेली पांढरी जोडी पहिल्या प्रकारातली होती. आता बाजारात बोलबाला आहे तो दुसऱ्या प्रकाराचा. काहीशे रुपयांपासून लाखाच्या पुढे किमती जाणाऱ्या या वस्तूत नेमके काय पाहून निवड करावी, याबाबत मात्र ग्राहकांत मोठा संभ्रम आढळतो.

या प्रकाराचा उगम करमणुकीच्या बाजारात झालेला नाही. श्रवणशास्त्राचे अभ्यासक मीड किलियन यांनी १९८३ साली अमेरिकेत ‘एटिमोटिक रिसर्च’ ही कंपनी स्थापन केली. श्रवणाची तपासणी आणि श्रवणयंत्रे हे तिचे क्षेत्र. याच अनुभवातून १९९१ साली ‘ईआर-४’ हा संगीतासाठीचा इयरफोन बाजारात आला. दुसरे मूळ रंगमंचावर आहे. १९९५ च्या सुमारास ध्वनितंत्रज्ञ जेरी हार्वी यांनी ‘व्हॅन हेलन’ या रॉक वाद्यवृंदाचा ड्रमवादक अ‍ॅलेक्स व्हॅन हेलन याच्यासाठी कानाच्या साच्यावरून इयरफोन घडवले आणि त्यातून ‘अल्टिमेट इअर्स’ ही कंपनी उभी राहिली. एकीकडे प्रयोगशाळेची अचूकता, तर दुसरीकडे कर्ण्यांच्या गदारोळात स्वतःचा ताल स्पष्ट ऐकू येण्याची निकड, अशा दोन गरजांतून घडलेली ही वस्तू आहे.

आधी बैठक, मग नाद

इन-इअर इयरफोनचा नाद त्याच्या किमतीपेक्षाही त्याच्या बैठकीवर अवलंबून असतो. इयरफोन नीट बसला की त्याचा पडदा आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये हवेची अगदी छोटीशी बंद पोकळी तयार होते. एवढ्याशा बंद हवेवर दाब निर्माण करण्यासाठी पडद्याने किंचित हालचाल केली तरी पुरते. म्हणूनच जेमतेम दहा मिलिमीटरचा पडदा भल्यामोठ्या स्पीकरच्या तोडीचा खर्ज कानात उतरवू शकतो. पण रबरी टोपी सैल असेल आणि कडेने बारीकशी फट राहिली, तर तोच खर्ज सर्वप्रथम नाहीसा होतो. ‘याला बेसच नाही’ अशी तक्रार करून परत केल्या जाणाऱ्या इयरफोनपैकी कितीतरींचा दोष केवळ चुकीच्या मापाच्या टोपीचा असतो. डब्यात दिलेली लहान, मध्यम, मोठी अशी तिन्ही मापे लावून पाहावीत; दोन कानांना दोन वेगळी मापे लागणे यात वावगे काही नाही. सिलिकॉनची टोपी टिकाऊ आणि धुण्यास सोपी असते. दाबून घातल्यावर कानात फुगणारी फोमची टोपी बाहेरचा आवाज अधिक अडवते, परंतु ती घामाने व मळाने काही महिन्यांतच निकामी होते आणि तिचा फेरखर्च गृहीत धरावा लागतो.

या बैठकीशी श्रवणाच्या आरोग्याचाही संबंध आहे. लोकलच्या डब्यात किंवा बसमध्ये बाहेरचा आवाज आत शिरत असेल, तर ऐकणारा नकळत आवाज वाढवत नेतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या निकषानुसार प्रौढ व्यक्तीने ८० डेसिबल पातळीवर आठवड्याला ४० तास ऐकणे ही सुरक्षिततेची मर्यादा आहे. पातळी तीन डेसिबलने वाढली की अनुज्ञेय वेळ निम्मी होते. म्हणजे ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १० आणि ८९ डेसिबलला अवघे ५ तास. रोज तासभर जाण्याचा आणि तासभर येण्याचा प्रवास करणाऱ्याचा हा कोटा तिसऱ्या दिवशीच संपतो. आतल्या कानातील केसपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. चांगली बैठक असलेला इयरफोन कमी आवाजातही पुरेसा ऐकू येतो, हा त्याचा सर्वांत मोठा आणि जाहिरातींत सर्वांत कमी सांगितला जाणारा गुण होय. अर्थात रस्ता किंवा रूळ ओलांडताना हाच गुण घातक ठरतो.

पडदा आणि आर्मेचर

आतल्या यंत्रणेचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिला ‘डायनॅमिक’, म्हणजे मोठ्या स्पीकरचीच छोटी प्रतिकृती : चुंबक, तारेचे वेटोळे आणि त्याला चिकटलेला पडदा. दुसरा ‘बॅलन्स्ड आर्मेचर’. यात दोन चुंबकांमध्ये तोललेली धातूची बारीक पट्टी थरथरते आणि ती थरथर एका काडीवाटे पडद्याला पोहोचते. ही रचना श्रवणयंत्रांतून आली. डायनॅमिक यंत्रणेचा खर्ज भरदार आणि खर्च कमी. आर्मेचरचा आकार तांदळाच्या काही दाण्यांएवढा आणि बारकावे दाखवण्याची हातोटी विशेष. एका आर्मेचरला संपूर्ण स्वरपट्टा सांभाळणे जड जाते, म्हणून एका कानात तीन, पाच, दहा आर्मेचर बसवण्याची चढाओढ सुरू झाली. परंतु संख्येवरून दर्जा ठरवणे फसवे आहे. अनेक यंत्रणांमध्ये स्वरपट्ट्याची वाटणी नीट जमली नाही, तर एकाच गायकाचा आवाज सप्तक बदलताच वेगळ्या ठिकाणाहून आल्यासारखा वाटतो. उलट ‘ईआर-४’ मध्ये प्रत्येक कानात एकच आर्मेचर आहे आणि अचूकतेचा मापदंड म्हणून आजही त्याचेच नाव घेतले जाते.

ही अचूकता ठरवायची कशी? सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची उघडी कर्णनलिका तीन हजार हर्ट्झच्या आसपासचे स्वर आपोआप उचलून देते आणि मेंदूला त्याची जन्मापासून सवय असते. नलिकेत इयरफोन घातला की ही नैसर्गिक उचल बिघडते. ती इयरफोनने भरून द्यावी लागते. ती कमी पडली तर गायकाचा आवाज मागे गेल्यासारखा वाटतो, जास्त झाली तर कर्कश होतो. हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या दशकात अनेक श्रोत्यांवर चाचण्या घेऊन बहुसंख्यांना रुचणारा एक आलेख तयार केला. इन-इअर प्रकारासाठीच्या त्या आलेखात एटिमोटिकच्या तुलनेत खर्ज बराच अधिक आहे. अनेक उत्पादक आता त्याच्या जवळपास जाण्याचा प्रयत्न करतात. मात्र छापील आलेखातील आठ हजार हर्ट्झजवळचे शिखर पुष्कळदा मोजणी यंत्राच्या कृत्रिम कानाचे असते. त्यावरून खरेदीचा निर्णय घेऊ नये.

तंबोरा आणि डग्गा

तुलना करताना ओळखीचे संगीत वापरावे आणि दोन्ही इयरफोनची आवाजाची पातळी सारखी ठेवावी. ही दुसरी अट फार महत्त्वाची, कारण किंचित मोठ्याने वाजणारी जोडी हमखास ‘अधिक चांगली’ वाटते. मराठी श्रोत्याला परीक्षेसाठी रागसंगीताचे साधे ध्वनिमुद्रण पुरेसे आहे. काळी एक पट्टीत लावलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ स्वर सुमारे ६९ हर्ट्झ असतो. पण जवारीमुळे तिच्या नादातील बहुतेक तेज वरच्या उपस्वरांत असते. त्यामुळे खर्ज नसलेल्या इयरफोनमध्येही तंबोरा ऐकू येतो, कारण गाळलेला मूळ स्वर मेंदू स्वतःच भरून घेतो. खर्जाची परीक्षा तंबोऱ्यावर घेणाऱ्याची म्हणूनच फसगत होते. जवारीचा गुंजारव मात्र वरच्या पट्ट्याची उत्तम कसोटी आहे. तारा वेगवेगळ्या सुटताना दिसल्या पाहिजेत, नुसती झिणझिण नको. खर्जासाठी तबल्याचा डग्गा ऐकावा. मनगटाच्या दाबाने घुमारा वर चढतो, तेव्हा तो स्वर म्हणून चढत गेला तर यंत्रणा चांगली. एकाच जागी धप्प होत राहिला तर खर्ज फुगवलेला आहे असे समजावे.

या कसोटीवर ‘ईआर-४’ घराण्यातील २०१६ सालचा ‘ईआर-४ एसआर’ जवारी विलक्षण स्वच्छ दाखवतो, डग्ग्याची मींड अचूक दाखवतो, पण डग्ग्याचे अंग कोरडे राहते. शिवाय त्याची तीन पाळ्यांची टोपी कानात एवढी खोल जाते की अनेकांना ती सहनच होत नाही. २०११ साली आलेला ‘शुअर’ कंपनीचा ‘एसई २१५’ याच्या नेमका उलट. एकच डायनॅमिक यंत्रणा, उबदार आणि मांसल खर्ज, मात्र तंबोऱ्यावर पातळ पडदा टाकल्यासारखा वाटतो. लावणीची ढोलकी किंवा चित्रपटगीते ऐकणाऱ्यास तो अधिक आवडेल. चीनमधील ‘मूनड्रॉप’चा ‘चू’ २०२२ साली सुमारे वीस डॉलरला आला आणि गायकाच्या आवाजाचा नैसर्गिकपणा त्याने कित्येक पट महाग जोड्यांच्या बरोबरीने साधला. स्वस्त म्हणजे निकृष्ट हे समीकरण नादापुरते तरी तिथे मोडले.

बांधणी

नादापुरते म्हणण्याचे कारण असे, की पहिल्या ‘चू’ची तार कायमची जोडलेली होती. कवच धातूचे, दणकट. पण तार तुटली की सारेच संपले. पुढल्या वर्षीच्या ‘चू २’ मध्ये सुटी होणारी तार देण्यात आली. तारेचा इयरफोन मरतो तो बहुधा तीनच ठिकाणी : जॅकच्या मुळाशी, दोन तारा फुटतात त्या सांध्याशी आणि कवचात तार शिरते तिथे. या तिन्ही जागी लवचीक रबरी आधार आहे की नाही, हे काचेबाहेरूनही दिसते. ‘एसई २१५’ची तार केव्हलार धाग्याने मजबूत केलेली असून ती कानावरून वळवून घालायची असते. या वळणामुळे तार शर्टाला घासल्याची खरखर कानात कमी येते आणि जोडावरचा ताणही घटतो. तिचा ‘एमएमसीएक्स’ जोड गोल फिरतो, त्यामुळे सोयीचा आहे. मात्र वारंवार काढघाल केल्यास सैल होऊन आवाज तुटू लागतो. दोन पिनांचा जोड अधिक खात्रीचा, पण हात जड असेल तर पिना वाकतात. जॅक तुटलेली जोडी लॅमिंग्टन रोडवरील कारागीर नवा जॅक सोल्डर करून देऊ शकतो. कवच उघडण्याच्या फंदात सहसा कोणी पडत नाही, कारण ते चिकटवलेले असते.

आपल्या हवेत घाम आणि दमटपणा हे मोठे शत्रू. पुढच्या नळीवरील जाळी मळाने बुजली की एका बाजूचा आवाज बारीक होतो आणि मालक जोडी बिघडली म्हणून टाकून देतो. ‘ईआर-४’ मधील गाळणी अवजाराने काढून बदलता येते. इतरांत कोरड्या मऊ ब्रशने, नळीचे तोंड खाली धरून, जाळी साफ करावी. ‘आयपीएक्स४’ म्हणजे सर्व बाजूंनी उडणाऱ्या शिंतोड्यांपासून बचाव. नळाखाली धुण्याची ती परवानगी नव्हे.

बिनतारी जोड्यांनी तारेचा प्रश्न सोडवला आणि आयुष्याचा निर्माण केला. अ‍ॅपलने २०१६ मध्ये आयफोनमधील जॅक काढून टाकला आणि त्याच वर्षी एअरपॉड्स आणले. २०१९ च्या ‘एअरपॉड्स प्रो’ मध्ये सिलिकॉनच्या टोप्या, बैठक तपासण्याची सोय आणि आतल्या मायक्रोफोनद्वारे कानानुसार आवाज जुळवून घेण्याची यंत्रणा आली. त्यांची आवाज-विरोधी यंत्रणा पंखा, इंजिन, रुळांची घरघर असा संथ व सततचा आवाज उत्तम पुसते. शेजारच्या प्रवाशाच्या गप्पा तेवढ्या नाही. नाद समतोल आहे आणि बहुतेकांना त्यात उणीव जाणवणार नाही. परंतु प्रत्येक कळीत इवलीशी लिथियम बॅटरी असते. रोजच्या वापरात दोन-तीन वर्षांत ती क्षीण होते आणि कवच न फोडता ती बदलता येत नाही. वस्तूंची दुरुस्तीयोग्यता तपासणाऱ्या ‘आयफिक्सइट’ने पहिल्या एअरपॉड्सना दहापैकी शून्य गुण दिले होते. स्वस्त बिनतारी जोड्यांत बॅटरी याहून लवकर दम तोडते, आणि मग वर्षभराच्या हमीनंतर दुकानदार नवी जोडीच पुढे करतो. १९९१ सालच्या ‘ईआर-४’ला मात्र तेव्हाही सुटी तार होती.