फोन लागल्याची नोंद

संगणकाला फोनवरून बोलू देणाऱ्या मॉडेमच्या कॉलची नोंदवही शोधायला निघालो की आपण प्रथम पोहोचतो ते ट्रंक कॉल जोडून देणाऱ्या ऑपरेटरबाईंच्या टेबलापाशी. कोण, कुठे, किती मिनिटे बोलले हे त्या चिठ्ठीवर टिपत आणि त्यावरून बिल निघे. १९४८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया या गावी बेल कंपनीने हे काम यंत्राकडे दिले आणि कागदी पट्टीवर छिद्रे पडू लागली. पण ती वही कंपनीची. फोन करणाऱ्याच्या संगणकावर स्वतःची वही आली ती बेल लॅब्जच्या माइक लेस्क यांच्या यूयूसीपी या फोनवरून संगणक जोडणाऱ्या प्रणालीमुळे. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर ही प्रणाली बाहेर पडली. समोरून अमुक अक्षरे आली की तमुक उत्तर पाठवायचे, एवढाच तिचा संवाद. ‘लॉगिन’ची वाट पाहताना लोक त्यातले पहिले अक्षर मुद्दाम गाळत, कारण ते कुठे मोठ्या लिपीत येई, कुठे लहान. कॉल लागला की फसला, हे ‘लॉगफाइल’मध्ये उतरे. पुढच्या साऱ्या स्क्रिप्टांचे, म्हणजे अशा लिहून ठेवलेल्या सूचनांचे, मूळ मला इथेच दिसते.

१९८१ मध्ये हेज कंपनीचा स्मार्टमोडेम आला आणि मॉडेमच शब्दांत उत्तरे देऊ लागला: ‘कनेक्ट’, ‘नो कॅरियर’. मग मॉडेम चालवणाऱ्या प्रोग्रामांपैकी प्रोकॉमची ‘ॲस्पेक्ट’ आणि टेलिक्सची ‘सॉल्ट’ या स्क्रिप्ट-भाषांत घरोघरचे हौशी लोक वही लिहू लागले. स्क्रिप्ट नंबर फिरवी, ‘कनेक्ट’ दिसताच घड्याळ पाही, कॅरियर, म्हणजे जोडणीचा सूर, तुटला की पुन्हा पाही, वजाबाकी करी आणि फाइलीच्या शेवटी एक ओळ जोडी. मात्र वहीचा खरेपणा मॉडेमच्या शब्दसंग्रहाएवढाच असे. पहिल्या स्मार्टमोडेमला ‘बिझी’ म्हणता येत नसे. नंबर व्यग्र असो वा कोणी उचलत नसो, नोंद एकच पडे. पुढच्या मॉडेमांनी वहीला हा भेद शिकवला.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमाने इंटरनेट खुले केले. स्वस्तातल्या शेल खात्यावर फक्त अक्षरे दिसत, तास मोजून मिळत आणि फोनचे बिल वेगळे येई. अशा वेळी ही वही चैन नव्हती, गरज होती.

टेलिक्सच्या धर्तीवर मिकेल फान स्मूरेनबुर्ख यांनी लिनक्ससाठी मिनिकॉम लिहिला. आज तो बहुधा राउटर आणि सर्किट बोर्डांशी बोलायला वापरतात. तरी कॉल जोडल्याची व तोडल्याची नोंद ठेवायची का, हा पर्याय त्याच्या मांडणीत अजून आहे.