मूत्रातील थायोसायनेट : भोपाळमधील एका तपासणीचा इतिहास

शरीरात काय गेले, हे मूत्रावरून ओळखण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. युनानी हकीम कारूरा पाहून निदान करीत. आधुनिक पोषणशास्त्राने या रीतीला मोजमाप दिले. आहारातील बहुतेक आयोडीन मूत्रावाटे बाहेर पडते, म्हणून लोकसमूहाच्या मूत्रातील आयोडीनचे मध्यक मूल्य लिटरला १०० ते १९९ मायक्रोग्रॅम असले की त्या समूहाचे पोषण पुरेसे मानतात. सेलेनियमचेही मूत्रातील प्रमाण मोजले जाते. मात्र ते नजीकच्या दिवसांतील आहार सांगते, शरीरातील साठा नव्हे. शिवाय पाणी अधिक प्यायल्यास नमुना पातळ होतो, म्हणून चोवीस तासांचे मूत्र गोळा करावे लागते किंवा क्रिएटिनिनशी तुलना करावी लागते. अशा तपासणीतला आकडा स्वतःहून बोलत नाही. भोपाळमध्ये १९८५ साली याच जातीच्या एका आकड्यावर हजारो रुग्णांचे उपचार अवलंबून राहिले.

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील ६१० क्रमांकाच्या टाकीतून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडले. जयप्रकाश नगर, काझी कॅम्प, चांदबड या दाट वस्त्यांतील गरीब कुटुंबे, त्यांत मुस्लिमांची संख्या मोठी, प्रथम सापडली. गांधी वैद्यकीय महाविद्यालयातील न्यायवैद्यकशास्त्राचे प्रमुख डॉ. हीरेश चंद्र यांना शवविच्छेदनात रक्ताचा रंग चेरीसारखा लालभडक दिसला. हे सायनाइडचे लक्षण असू शकते, अशी शंका त्यांनी घेतली. कंपनीची भूमिका निराळी होती. वायू डोळ्यांना व फुप्फुसांना जाळतो, रक्तात पोहोचत नाही, असे ती सांगत राहिली. वायू रक्तात गेलाच नसेल तर दीर्घकालीन आजारांचा दावाही दुबळा ठरतो. वैद्यकीय मतभेदामागे भरपाईचा हिशोब होता, हे विसरता येत नाही.

सायनाइडवरील उतारा म्हणजे सोडियम थायोसल्फेट, छायाचित्रकारांचा ओळखीचा 'हायपो'. यकृतातील ऱ्होडनेज नावाचे विकर सायनाइडला गंधक जोडून त्याचे थायोसायनेट बनवते व ते मूत्रावाटे निघून जाते. हे गंधक थायोसल्फेट पुरवते. जर्मन विषतज्ज्ञ मॅक्स डाउन्डरर याच औषधाची इंजेक्शने घेऊन डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला आले. परंतु त्यांच्या उपचाराला तेव्हा पाठिंबा मिळाला नाही.

जानेवारी १९८५ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 'दुहेरी अंध' पद्धतीचा प्रयोग केला. काही रुग्णांना थायोसल्फेट, काहींना निष्प्रभ इंजेक्शन. कोणाला काय दिले हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही. थायोसल्फेट मिळालेल्यांच्या मूत्रात थायोसायनेट वाढले आणि त्यांच्या तक्रारीही कमी झाल्या. त्या आधारे परिषदेने फेब्रुवारी १९८५ मध्ये या औषधाची शिफारस केली.

तुलनेसाठी दुसरा गट का लागतो, हे विज्ञानाच्या शिक्षकांनी आवर्जून सांगण्याजोगे आहे. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या मूत्रात थायोसायनेट तसेही अधिक असते. कोबी, मोहरी या वर्गातील भाज्या आणि टॅपिओका खाल्ल्यानेही ते वाढते. याच्या उलट बाजूही आहे. सायनाइड निकामी करण्यास लागणारे गंधक शरीराला प्रथिनांतील सिस्टीन व मेथिओनीन या घटकांतून मिळते. आफ्रिकेत दुष्काळाच्या काळात कडू टॅपिओकावर जगणाऱ्या, प्रथिने न मिळणाऱ्या लोकांना 'कोंझो' हा पाय लुळे करणारा रोग होतो, तो यामुळेच. म्हणजे अर्धपोटी माणसाच्या मूत्रात थायोसायनेट कमी आढळले, तर विष कमी होते असा अर्थ निघेलच असे नाही. ते बाहेर टाकण्याचे साधन कमी होते, असाही निघू शकतो. झोपडवस्तीतील मजुराचा आकडा वाचताना हा भेद मोलाचा ठरतो. त्यातच थायोसायनेट काही दिवसांत शरीराबाहेर पडते. वेळेवर न घेतलेला नमुना मग कधीच घेता येत नाही.

येथे एक योगायोग नमूद करावासा आहे. परिषदेचे तेव्हाचे महासंचालक डॉ. व्ही. रामलिंगस्वामी हे कांगडा खोऱ्यातील गलगंडावरील कार्यासाठी जगभर ओळखले जात. आयोडीनयुक्त मिठाने गलगंड घटतो, हे तेथील प्रयोगाने दाखवले होते. थायोसायनेट हा पदार्थ थायरॉइड ग्रंथीत आयोडीन जाण्यास अडथळा करतो, त्यामुळे त्याचे नाव गलगंडाच्या अभ्यासकांना नवे नव्हते.

शिफारस झाली, पण इंजेक्शने वस्त्यांपर्यंत पुरेशी पोहोचली नाहीत. मार्च १९८५ मध्ये मेडिको फ्रेंड सर्कल या डॉक्टर-कार्यकर्त्यांच्या गटाने कारखान्याजवळचे जयप्रकाश नगर आणि दूरचे अण्णा नगर यांची तुलनात्मक पाहणी केली. जूनमध्ये कार्यकर्त्यांनी जन स्वास्थ्य केंद्र उघडून थायोसल्फेट देण्यास आरंभ केला. त्याच महिन्यात पोलिसांनी केंद्रावर छापा घातला, डॉक्टरांना अटक झाली आणि रुग्णांच्या नोंदी जप्त झाल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने नोव्हेंबर १९८५ मध्ये नेमलेल्या समितीत अनिल सद्गोपाल व सुजित दास हे स्वतंत्र सदस्य होते. नोंदीच हाती नसतील तर 'मला काय झाले होते' हे सिद्ध करण्याचा भार निरक्षर रुग्णावरच पडतो, हे पुढील भरपाईच्या काळात दिसून आले. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली.

परिषदेचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. एस. श्रीरामाचारी यांनी पुढे मिथाइल आयसोसायनेटचे परिणाम रक्तातील हिमोग्लोबिनवर दाखवून दिले. वायू फुप्फुसांतच थांबतो हा दावा त्याने खोडला गेला. परंतु परिषदेचे भोपाळमधील संशोधन १९९४ मध्ये थांबले. पर्यावरणीय आरोग्यावरील तिची राष्ट्रीय संस्था शहरात उभी राहिली ती २०१० साली.