तंबाखूची चुलत बहीण

अलिबागच्या कार्ले-खंडाळ्याकडे भात निघालं की पांढऱ्या कांद्याची तयारी सुरू होते. किनाऱ्यावरच्या घरांत पेटुनिया लावायची वेळही तीच. कांदा इथलाच, मानांकनवाला, पेटुनिया उपरी. पण तिचं कुळ ठाऊक असलं तर तिची मर्जी राखणं निम्मं सोपं होतं.

माहेर दक्षिण अमेरिका. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ कोमर्सां याला १७६७ मध्ये माँटेव्हिडिओकडे पांढऱ्या फुलांची पेटुनिया मिळाली. लामार्कने १७९३ मध्ये ती सरळ तंबाखूच्याच प्रजातीत घातली. १८०३ मध्ये जुस्यूने तिचं बिऱ्हाड वेगळं करून दिलं, तरी घराणं तेच: वांगी, मिरची, टोमॅटो, बटाटा सगळे भाऊबंद. जांभळ्या जातीचं बी १८३१ मध्ये जेम्स ट्वीडीने ब्युनोस आयर्सहून ग्लासगोला धाडलं. या दोन्हींच्या संकरातून बागेतली पेटुनिया आली. चौल-रेवदंड्यात १५२१ ते १७४० ठाण मांडलेल्या पोर्तुगीजांनी तंबाखू हिंदुस्थानात आणली खरी, पण ही बहीण त्यांच्या गलबतातून आलेली नाही.

पसरणारी पेटुनिया तर अगदी अलीकडची. जपानात १९८९ मध्ये ‘सर्फिनिया’ बाजारात आली ती सनटोरीची, म्हणजे व्हिस्कीवाल्यांची. १९९५ मध्ये अमेरिकेत गाजलेली ‘पर्पल वेव्ह’ घडवली किरिनने, तेही बिअरवाले! तंबाखूच्या घराण्यात जन्म आणि दारूवाल्यांच्या घरी संगोपन. तरी पोर गुणी निघाली. सर्फिनिया फाट्यांपासून करतात, वेव्ह बियांपासून. वेव्हची उंची जेमतेम वीतभर, पसारा मात्र तीन-चार फूट.

बी खसखशीहून बारीक. ते मातीत गाडू नये, ओल्या मातीवर नुसतं भुरभुरावं, कारण उगवायला उजेड लागतो. एवढा खटाटोप नको असेल तर पाऊस सरल्यावर नर्सरीतून रोप आणावं. मला तेच शहाणपणाचं वाटतं. कुंडीत पाणी साचता कामा नये. नारळाच्या सोडणाचा भुसा घालायचा तर तो आधी दोन-तीनदा धुऊन घ्यावा, त्यात क्षार असतात. रोज पाच-सहा तास ऊन हवं. रोप बोटभर झालं की शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटतात. मार्चनंतर विहीर मचूळ होत असेल तर ते पाणी देऊ नये. पसरणारी जात सतत फुलते, म्हणून तिला खतही सतत लागतं; पंधरा दिवसांनी पातळ द्रवखत द्यावं.

आता कुळाचे दोष. तंबाखूवरची पानं खाणारी अळी हिलाही सोडत नाही. पानांवर काळे दाणे पडलेले दिसले की रात्री टॉर्च घेऊन अळ्या वेचाव्यात. आणि घरात कुणी तंबाखू मळत असेल, तर त्याला हात साबणाने धुतल्याशिवाय कुंडीला शिवू देऊ नये. तंबाखूचा मोझेइक विषाणू बोटांवरून पेटुनियावर येतो, पानं चितकबरी होतात, आणि त्यावर औषध नाही.

आपला जूनचा पाऊस ती सोसत नाही, मुळं कुजतात. तेव्हा मेअखेर उपटून टाका. आणि त्याच मातीत लगेच मिरची-वांगी लावू नका. भाऊबंदांचे रोग एकच असतात. त्या कुंडीत पावसाळाभर भेंडी लावा.