आडव्या छेदाचा आरोग्य-अभ्यास : उपयोग आणि मर्यादा

वाराणसीच्या रामघाट, दुर्गाघाट व ब्रह्माघाट परिसरात मराठी कुटुंबांच्या अनेक पिढ्या नांदल्या. गंगास्नान हा तेथील दिनक्रमाचा भाग आहे. या पाण्याचा आरोग्यावर काय परिणाम होतो, हे जाणण्यासाठी वाराणसीत नदीकाठी राहणाऱ्या कुटुंबांची प्रश्नावलीद्वारे पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले.

एखाद्या लोकसमूहातील आजार आणि त्याची संभाव्य कारणे यांची एकाच वेळी नोंद घेणाऱ्या अशा पाहणीस क्रॉस-सेक्शनल, म्हणजेच आडव्या छेदाचा अभ्यास म्हणतात. ती थोड्या वेळात व कमी खर्चात होते. आजाराची व्याप्ती कळते आणि अनेक घटकांचा एकत्र विचार करता येतो.

वाराणसीच्या पाहणीत आदल्या वर्षभरातील जलजन्य व आतड्यांच्या विकारांचे प्रमाण सुमारे ६६ टक्के आढळले. नदीत स्नान करणाऱ्या किंवा कपडे धुणाऱ्या कुटुंबांत पटकीचे ३३ रुग्ण होते. असा संपर्क नसलेल्या कुटुंबांत एकही नव्हता.

तथापि, संबंध आढळणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे. शौचालयाचा अभाव, अल्प उत्पन्न व कमी शिक्षण यांचाही आजारांशी संबंध याच पाहणीत दिसला. वर्षभरातील आजारपण स्मरणाने सांगताना चूक संभवते. आजारानंतर ज्या कुटुंबाने नदीस्नान सोडले, त्याची नोंद ‘संपर्क नाही’ अशी होऊ शकते. आधी काय घडले आणि नंतर काय, हे एकाच वेळच्या नोंदीतून ठरविणे कठीण असते. त्यासाठी निरोगी व्यक्तींचा दीर्घकाळ पाठपुरावा करावा लागतो.

ठराविक काळाने नव्याने केलेल्या पाहण्यांतून मात्र बदलाची दिशा कळते. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या समन्वयाने होणाऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, पाच वर्षांखालील वाढ खुंटलेल्या बालकांचे देशातील प्रमाण २००५-०६ मधील ४८ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ३५.५ टक्क्यांवर आले. घट झाली हे यातून कळते. ती कशामुळे झाली, हे एवढ्यावरून सांगता येत नाही.

म्हणूनच अशा पाहणीकडे अन्य पुराव्यांसह पाहावे लागते. स्नानाच्या पाण्यात दर १०० मिलिलिटरमध्ये विष्ठाजन्य कोलिफॉर्म जीवाणूंची कमाल अनुज्ञेय मर्यादा २,५०० आहे. त्या अहवालात नमूद केलेल्या वाराणसीतील पाणी-तपासणीत ही संख्या १० कोटींपर्यंत गेली होती. पाहणीने कारण सिद्ध केले नाही, एवढ्यावरून धोका नाही असे मानता येणार नाही.