कात्री, चिकटपट्टी आणि उसने हसू : आवाजाच्या संपादनाचा इतिहास

१/
आज घरातल्या खोलीत पॉडकास्ट ध्वनिमुद्रित करणारा तरुण चुकलेले वाक्य क्षणार्धात कापून टाकतो. संगणकावर या कृतीचे चिन्ह बहुधा कात्रीचे असते. ते नुसते चित्र नव्हे. एके काळी आवाज खरोखरच कात्रीने कापला जाई.

२/
त्याआधी ही सोयच नव्हती. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गायन मेणाच्या तबकडीवर मुद्रित झाले. गाणे सुमारे तीन मिनिटांत बसवायचे आणि अखेरीस स्वतःचे नाव उच्चारायचे. चूक झालीच, तर नवी तबकडी घेऊन आरंभापासून गायचे. तबकडी ही त्या तीन मिनिटांची अखंड साक्ष असे.

३/
१९२८ मध्ये जर्मनीत फ्रिट्झ फ्लॉयमर यांनी कागदी पट्टीवर लोहभुकटीचा थर देऊन चुंबकीय फीत सिद्ध केली. तिच्यावर चालणारा ‘मॅग्नेटोफोन’ एईजी कंपनीने १९३५ च्या बर्लिन प्रदर्शनात मांडला. फितीचा मोठा गुण म्हणजे ती कापून पुन्हा जोडता येई.

४/
१९४५ मध्ये अमेरिकी सैन्यातील अभियंता जॅक मलिन यांना जर्मनीत ही यंत्रे आढळली. दोन यंत्रे सुटी करून, ५० रिळांसह, त्यांनी टपालाने मायदेशी धाडली.

५/
अमेरिकेतील बड्या नभोवाणी कंपन्यांचा आग्रह थेट प्रसारणाचा होता. दोन किनाऱ्यांच्या वेळा वेगळ्या असल्याने कलाकारांना एकच कार्यक्रम दोनदा सादर करावा लागे. गायक बिंग क्रॉस्बी याला कंटाळले होते. त्यांनी तबकड्यांचा मार्ग पत्करला, पण एका तबकडीवरून दुसरीवर उतरवताना आवाज खालावे. ऑक्टोबर १९४७ पासून त्यांचा कार्यक्रम मलिन यांच्या फितीवरून प्रसारित होऊ लागला. सरावातला उत्तम तुकडा उचलायचा, फसलेला कापायचा. साधने दोनच : कात्री आणि चिकटपट्टी.

६/
आणि येथेच पेच उद्भवला. बॉब बर्न्स या विनोदवीराने एकदा काही चावट किस्से सांगितले. श्रोते पोट धरून हसले. किस्से प्रसारणयोग्य नव्हते, म्हणून कापले गेले. हसू मात्र जपून ठेवले आणि पुढे एका फिक्या कार्यक्रमात जोडले. हसू खरे होते, पण ते त्या विनोदाला आलेले नव्हते.

७/
लवकरच हे तंत्र घरात शिरले. लेस पॉल आणि मेरी फोर्ड यांनी न्यूयॉर्कमधील राहत्या घरी, आवाजावर आवाज चढवत ‘हाऊ हाय द मून’ मुद्रित केले. १९५१ मध्ये ते अमेरिकेत नऊ आठवडे अग्रस्थानी होते.

८/
फीत मात्र आपल्या खुणा जपत असे. वॉटरगेट प्रकरणात अध्यक्ष निक्सन यांच्या एका फितीतील साडेअठरा मिनिटांचा मजकूर नाहीसा झाला होता. १९७४ मध्ये तज्ज्ञांनी फितीवरील चुंबकीय खुणांवरून तो किमान पाच वेगवेगळ्या वेळा पुसला गेल्याचा निष्कर्ष काढला.

९/
आजच्या संगणकीय संपादनात ऐकणाऱ्याला जोड बहुधा कळतच नाही. आजोबांच्या आठवणी घरी मुद्रित करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानी घ्यावे. प्रसारित करायची प्रत खुशाल नेटकी करावी, पण मूळ मुद्रण न कापता, तारखेसह वेगळे जपावे. अडखळणे, मध्येच गप्प होणे, एखादे नाव टाळणे हेही इतिहासाचे साधनच आहे.