भिंत कोणाची?

चित्र म्हटले की आम्हां कामगारांना फार दिवस दोनच जागा ठाऊक होत्या: शेठजींच्या दिवाणखान्यातली चौकट आणि सिनेमाचा फलक. त्यामुळे 2017 च्या नोव्हेंबरात मुंबईच्या ससून गोदीत चित्रप्रदर्शन भरले, तेव्हा आमचे कान टवकारले.

ही गोदी 1875 ची; ससून घराण्याने बांधलेली. कापसाच्या व्यापाराने ती उभी राहिली, पुढे मासळीचा बाजार झाली. पहाटे मचवे लागतात, कोळणी लिलाव पुकारतात, कोलंबी सोलणाऱ्या बाया बर्फाच्या पाण्यात हात घालून बसतात. त्यांत बंजारा बायाही आहेत; आपल्या भागातल्या तांड्यांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. याच गोदीतल्या जुन्या गोदामात स्टार्ट इंडिया फाउंडेशनने प्रदर्शन मांडले आणि त्याच वेळी बाहेरच्या भिंती रस्त्यावरच्या चित्रकारांच्या हाती दिल्या. जे. आर. या फ्रेंच कलावंताच्या ‘इनसाइड आउट’ उपक्रमातून तेथल्याच माणसांचे भलेमोठे चेहरे कागदावर छापून भिंतींवर डकवले गेले. आत प्रेक्षक चित्र पाहण्यास येत होता. बाहेर चित्रातली माणसे भिंतीखालीच टोपल्या उचलीत होती.

आम्हांला हे आवडले. पण चेहरा भिंतीवर गेला म्हणून मजुरी वाढत नाही, हेही आम्ही जाणतो. आणि भिंत ज्याची, पुसण्याचा हक्कही त्याचाच.

याचा दाखला अमेरिकेत आहे. मेक्सिकोचे रिवेरा, ओरोझ्को, सिकेरोस हे चित्रकार स्वतःला मजूर म्हणवीत. 1922-23 च्या सुमारास त्यांनी चक्क आपली युनियन काढली. (चित्रकारांची युनियन! आमच्या काही मित्रांना हे अजून थट्टेचे वाटते.) पुढे रिवेराने डेट्रॉइटच्या कलासंग्रहालयात 1932-33 साली फोर्डच्या कारखान्यातले कामगार रंगवले, 27 चित्रफलकांत, पैसा दिला तो फोर्डच्याच मुलाने. चित्रे खरवडून काढा, अशी ओरड झाली. संग्रहालय ठाम राहिले, चित्रे आजही आहेत. लगेच त्याच रिवेराने न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये लेनिनचा चेहरा काढला. मालकाने काम थांबवले आणि 1934 च्या फेब्रुवारीत भिंत फोडून चित्र नष्ट केले. चित्रकार एकच, एक भिंत लोकांसाठी असलेल्या संस्थेची, दुसरी खाजगी. संग्रहालयांना नावे ठेवणाऱ्या आम्हांला येथे जरा खाली पाहावे लागते.

ससून गोदीत डिसेंबर 2022 पासून पुन्हा असाच कलामहोत्सव भरला. मोठ्या शहरातले लोण आपल्याकडे यावयाला वेळ लागतो, पण येते. उद्या उमरीत कोणी भिंत रंगवू लागला, तर आमच्या अटी दोनच: परांचीवर चढणाऱ्याचा रोज आधी ठरावा, आणि ज्याचा चेहरा काढावयाचा त्याला विचारावे. काय काढावे यावर वाद होणारच. कोणी म्हणेल, 1948 च्या जानेवारीत निजामी राजवटीत लुटलेली बँक. आम्ही जिनिंगमधल्या बायांसाठी हट्ट धरू.